पुओलुक्का नावाची कुत्री व इतर किरकोळ मालमत्ता

मी, एल्वी तुरुनेन, कै. ताइस्तो तुरुनेन यांची विधवा, वय चौऱ्याहत्तर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार नुर्मेस, पुढील व्यवस्था स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मी रोज सकाळी आधी संगणकातल्या कुत्र्यांना खायला घालते आणि मग स्वतः कॉफी पिते, हे त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. यकृताबद्दल मात्र ते बरेच बोलले. म्हणून ही घाई.

१. तळ्याकाठचे घर, सौना म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, आणि बँकेतली शिल्लक मुलगी मेर्वी हिला. सौनातली लाकडाची भट्टी काढून विजेची बसव, असे ती वीस वर्षे सांगते आहे. आता बसवेल. माझी हरकत इथे नोंदवून ठेवते, एवढेच.

२. मासे धरायला तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडायचे गिरमिट शेजारी पाउली यास. ते सात वर्षे त्याच्याकडेच आहे. आता ते त्याचे झाले, म्हणजे मला रस्त्यात बघून त्याने वाट बदलायचे कारण उरले नाही.

३. पुस्तके नाहीत. मी वाचली ती सगळी मंगळवारी दुकानासमोर थांबणाऱ्या वाचनालयाच्या गाडीची. माझी शाळा सहावीत सुटली. आनुवंशिकता म्हणजे काय, हे मी सदुसष्टाव्या वर्षी त्या गाडीच्या पायरीवर बसून वाचले. त्यातून उतरलेली निळी वही गाडीलाच द्यावी. प्रदर्शनाच्या कुत्र्यांची पैदास कशी सुधारावी, याचे नियम तीत आहेत. एका वेळी एकाच गुणामागे लागा. उत्तम मादी ठेवा, नर देऊन टाका. चार पिढ्यांच्या आतले नाते जुळवू नका. पिलाच्या तोंडाकडे बघू नका, गुणांकडे बघा. वाचणाऱ्याने हे पाळावेत. मी एकही पाळलेला नाही.

४. ताइस्तोचे केनेल, म्हणजे संगणकातले श्वानगृह. आमचा खरा कुत्रा रुस्को गेला, तेव्हा ताइस्तोचे गुडघे दुसरा कुत्रा फिरवण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. म्हणून तो या खेळात शिरला. पडद्यावर कुत्रे पाळायचे, जोड्या जुळवायच्या, पिलांना डोके, केस, चाल आणि शेपटीचे गुण मिळतात, रविवारी प्रदर्शन. मी त्याला हसले आणि महिन्याभरात स्वतःचे केनेल उघडले. तो मरून चार वर्षे झाली. त्याचे केनेल मी त्याच्या नावाने रोज उघडते. हे नियमाविरुद्ध आहे. खेळाच्या लेखी तो जिवंत आहे आणि वाढदिवसाला त्याला शुभेच्छा येतात. माझ्यानंतर ते कोणी उघडू नये. शंभर दिवस उघडले नाही की खेळ केनेल पुसून टाकतो. खेळाला शंभर दिवसांत कळेल. मला जास्त लागले.

५. पुओलुक्का. ही माझी शेवटची मादी, फिनिश स्पिट्झ. या जातीची शेपटी पाठीवर घट्ट वळलेली हवी. ताइस्तोचा लाडका नर तुइस्कू याची शेपटी दोरीवर विसरलेल्या मोज्यासारखी लोंबायची. शहाण्याने त्याच्यापासून पैदास केली नसती. मी त्याचे साठवलेले वीर्य त्याच्या मुलीला वापरले, मग नातीला, मग पणतीला. पिले सहा झाली, मग चार, आणि शेवटी एकटी पुओलुक्का. जवळच्या नात्याचा टक्का पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत येतो. तो चव्वेचाळीस झाला, तेव्हा मी त्या कोपऱ्यावर कॉफीच्या पाकिटाचा तुकडा चिकटवला. अजून आहे.

कोक्कोलाची तेल्लेर्वो हीही हाच खेळ खेळते आणि दर प्रदर्शनात मला हरवते. तिचा फोन आला.

"एल्वी, पुन्हा तुइस्कू?"

"त्याचं डोकं चांगलं आहे."

"एक्याऐंशीचं डोकं. माझ्याकडे नव्वदचे चार पडलेत, एक ने फुकट."

"तुझे नर शिष्ट दिसतात."

"चित्रं आहेत गं ती. तू कुत्रीला नर शोधतच नाहीयेस. तू ताइस्तोला शोधतेयस."

मी फोन ठेवला आणि आठ महिने तिचा उचलला नाही. तिचे म्हणणे खरे होते. हे मी इथे लिहून मान्य करते, तोंडावर करणार नाही.

पुओलुक्काला बाहेरचे रक्त मिळाले नाही, तर ताइस्तोने सुरू केलेला वंश तिच्याबरोबर संपेल. म्हणून माझ्या मृत्यूनंतर पुओलुक्का तेल्लेर्वोला द्यावी, पुढील सात अटींवर:

वरील कलम ५ मधले शेवटचे वाक्य, अटी लिहिण्याआधीच, रद्द. कारण असे. हा मजकूर मी वाचनालयाच्या गाडीत बसून उतरवत होते. राउनी ग्रंथपाल वाचत होती.

"एल्वी, हे चौथं कलम तूच लिहिलंस ना?"

"मग कोणी?"

"शंभर दिवसांनी ताइस्तोचं केनेल पुसतात. मग तू गेल्यावर तुझं काय जपून ठेवणार आहेत? मृत्युपत्र दाखवायचं कोणाला, खेळाला?"

हे माझ्या लक्षात आले नव्हते. नियम मी ताइस्तोला लावला होता, स्वतःला नाही.

"आणि कुत्रीचं वय?" राउनीने विचारले.

खेळातले वर्ष एका महिन्याचे असते. पुओलुक्काला विण्याजोगे अकरा दिवस उरले आहेत.

"अकरा दिवसांत मरायला जमेल का?" चालकाच्या जागेवरून सेप्पोने विचारले.

"नाही जमणार. गुरुवारी केस कापायचेत."

"मग आत्ताच दे. मला पुढच्या थांब्यावर पोचायचंय."

राउनीने तिचा संगणक माझ्याकडे वळवला आणि मी त्यावर खेळ उघडला. त्याच्या कोपऱ्यावर काही चिकटवलेले नव्हते, त्यामुळे चव्वेचाळीसचा आकडा दिसला. मी पुओलुक्काच्या नावापुढे तेल्लेर्वोचे नाव घातले. खात्री आहे का, असे खेळाने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी हो म्हटले, दुसऱ्यांदा उशिरा. सोबत निरोप लिहायला चाळीस अक्षरांची जागा असते. त्यात पहिली अटसुद्धा मावली नाही. मी ती मोकळी सोडली.

चार मिनिटांनी तेल्लेर्वोचे उत्तर आले. "मिळाली. कुणाशी जुळवू?"

तिच्या चारही नरांची नावे मला पाठ आहेत आणि प्रत्येकाबद्दल माझे मत आहे. मी लिहायला घेतले, पुसले, पुन्हा घेतले. सेप्पोने गाडी सुरू केली.

मी लिहिले, "तू ठरव."

यापलीकडे मला कोणाला काही द्यायचे नाही. सही माझ्या हातची आहे. ती वाकडी आली, कारण इंजिन चालू होते आणि उभी गाडी थरथरत होती.

एल्वी तुरुनेन

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. हे मृत्युपत्र आहे हे आम्हाला ठाऊक आहे आणि एल्वीने आमच्या डोळ्यांदेखत सही केली. पाउली सही करायला आला होता, पण ज्याला गिरमिट मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून परत पाठवला.

राउनी कोपोनेन, ग्रंथपाल
सेप्पो साल्लिनेन, चालक

नुर्मेस, वाचनालयाची गाडी, मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५