सोपानचा अर्ज

बारामती,
११ जुलै १९५७

बाळ सोपान,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो नि तीनदा उठलो. चहा झाला, बैलांना पाणी दाखवून झालं, तरी जीव जाग्यावर नाही.

आपल्या अंधशाळेच्या मुख्याच्या जागेसाठी तू अर्ज केलास, तोही ब्रेलमध्ये. समितीत आम्ही पाच डोळस माणसं, पण एकालाही तो वाचता येईना. भर दुपारी तू हसून म्हणालास, "तात्या, दिवा लावू का?" शेवटी तुझ्याकडूनच वाचून घेतला. सहा वर्षं शिकवलंस, पोरं वाचती केलीस, सगळं त्यात होतं.

तू बाहेर गेल्यावर समितीतले दत्तोबा म्हणाले, "पोरगा हुशार हाय, पण आंधळ्याच्या हाती कारभार कसा द्यायचा?" मी विचारायला पाहिजे होतं, "दत्तोबा, त्याचा अर्ज तरी तुमास्नी वाचता आला का?" मी सुपारी चघळत राहिलो. जागा इंदापूरच्या माझ्या भाच्याला, जोतीरामला मिळाली. तो मॅट्रिक आहे, पण ब्रेलचं एक अक्षर त्याला येत नाही.

हे पत्र धाडावं, तर शाळेत आलेलं टपाल तुम्हाला मुख्यच वाचून दाखवतो. म्हणजे आता जोतीराम.

म्हणून घडी घालून ठेवतो. उद्या तुझ्या वर्गात पोरांच्या ओळीत येऊन बसेन, मला ब्रेलचे ठिपके शिकव. बोटं राठ झालीत, वेळ लागेल. पण तुझं तुला वाचता येईल असं पहिलं वाक्य लिहीन ते हे: जोतीरामसाठी हात मीही वर केला होता.

तुझा,
रामहरीतात्या