जिन्यात आपटलेली दुर्बीण

ताई,

तुझ्या दुर्बिणीचा आरसा पुन्हा घासायला काढू नकोस. त्यात काहीच खोट नाही.

काल गच्चीवर शनी धूसर दिसला, तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "आरसाच नीट घासला गेला नाही." तू मान खाली घालून "असेल" म्हणालीस आणि मी मूग गिळून गप्प बसलो. दुर्बीण वर नेताना ती माझ्याच हातून जिन्यात आपटली होती. आरसा तिरका झाला तो त्यामुळे.

आज तू झोपलेली असताना मागचे स्क्रू जरा जरा फिरवून तो सरळ केलाय. समोरच्या टाकीवरच्या कावळ्याचं पीस न् पीस दिसतंय. बघ तरी.

सरांना खरं सांगायला निघालोय. तुझ्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही, म्हणून आधी तिकडे जातोय.

तुझा धाकटा