राख-बुधवारचा आकडा

प्रिय ओरेली,

सात वर्षांपूर्वीच्या राख-बुधवारी सकाळी मी चर्चमध्ये कपाळावर पश्चात्तापाच्या राखेचा क्रूस लावून घेतला आणि तसाच कचेरीत आलो. प्रांतात कोण किती धूर सोडतं याची वर्षाची मोजदाद पुरी करायचा तो शेवटचा दिवस. आपल्या गावच्या कागद कारखान्याच्या तक्त्यात एका ओळीत नुसतं ‘घन इंधन’ लिहिलं होतं. कसलं, ते विचारायला एक फोन पुरला असता. प्रार्थनेला उशीर नको म्हणून तो मागे ठेवला होता, मग राहूनच गेला. मी ते सगळं दगडी कोळसा धरलं.

ती झाडांची साल होती, पोरी. सालीचा धूर आम्ही बेरजेत धरत नाही. नवं झाड तो परत ओढून घेतं, असा नियम आहे. आणि त्याच सालीच्या ढिगांवरून मी आणि तुझे बाबा लहानपणी घसरत असू. कपड्यांच्या वासावरून आई ओळखायची, आज शाळा बुडवली. मला ठाऊक नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

जास्त धूर सोडणाऱ्यांच्या यादीत कारखाना पहिला आला. म्हणून कपातीच्या योजनेत त्याचीच भट्टी आधी बंद झाली, आणि भट्टीमागोमाग कारखाना. शेवटची पाळी संपवून रेनाल्द, तुझा बाबा, माझ्या दारात आला. “काय धूरमास्तर, झालं का आकाश स्वच्छ?” मी कॉफी ओतत राहिलो. “इथला धूर तुला खपत नाही, तर तिकडे अल्बर्टाच्या तेलखाणीत जाऊन तेलाचा काढतो. तोही मोज हं.” हसत होता. हातातला जेवणाचा डबा मात्र तसाच भरलेला होता.

पुढच्या हिवाळ्यात चूक माझ्या ध्यानात आली. आमच्या प्रमुख ग्वेनबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, “नॉर्बेर, भट्टी भंगारात गेली. आता आकडा बदलून कुणाचं भलं होणार?” मला तेच ऐकायचं होतं. दर वर्षी धुरातली ती खोटी घट मी स्वतःच्या हाताने यश म्हणून लिहीत आलो.

या जानेवारीत तिकडे तेलकामगारांची बस बर्फावरून घसरली आणि रेनाल्द गेला. शवपेटीपाशी तू म्हणालीस, “बाबांना आमच्यापेक्षा तेलाचा पगार प्यारा होता.” मी शेजारीच उभा होतो, हातात टोपी घेऊन. त्यानंतर रोज प्रार्थनेला बसतो आणि तुझंच वाक्य ऐकू येतं.

या राख-बुधवारी चर्चला आधी गेलो नाही. आमच्यात एक आकडा सुधारला की मागची सगळी वर्षं पुन्हा मांडावी लागतात, ती मांडली. कारणाच्या रकान्यात आम्ही नेहमी ‘सुधारित माहिती’ लिहून मोकळे होतो. मी लिहिलं, कोळसा नव्हता, साल होती, मी विचारलं नाही, आणि कळल्यावर गप्प बसलो. ग्वेनबाईंनी वाचून चष्मा काढला. त्याची प्रत सोबत आहे. माफी मागायला लिहीत नाही. बाबा तुम्हाला टाकून गेले नव्हते, ओरेली. त्यांना मी धाडलं. आज ते सहीनिशी सरकारात दाखल केलं.

तुझाच,
नॉर्बेरकाका