ठमीच्या गैरहजेरीचे कारण

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका,
प्राथमिक विभाग.

विषय : इयत्ता दुसरीतील विद्यार्थिनीचे नाव हजेरीपटावरून कमी न करणे व तिला पूर्वीच्या बाकावर बसू देणेबाबत.

संदर्भ : १) 'विनापरवानगी सततची गैरहजेरी' या विषयाचे आपले पत्र.
२) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज, जो या अर्जान्वये मागे घेण्यात येत आहे.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सदर विद्यार्थिनीची आई असून बस डेपोत आवक-जावक विभागात लिपिक आहे. कागद लिहिणे हे तिचे रोजचे काम आहे. भाषा कोरडी वाटल्यास राग नसावा, तिला दुसरी येत नाही. विद्यार्थिनीचे नाव आपल्या दप्तरी आहेच. घरात तिला ठमी म्हणतात आणि पुढे तसेच लिहिले आहे, कारण हजेरीपटावरचे लांबलचक नाव लिहू लागले की ती दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी वाटते.

१. ठमीला धाकटा भाऊ आहे. तो दिवस भरण्याआधीच जन्मला. एके सकाळी आंघोळ घालताना अर्जदाराच्या सासूबाईंना त्याच्या उजव्या जांघेत बोराएवढी गाठ दिसली. तो रडला की ती वर यायची, निजला की आत जायची. सर्जन म्हणाले, हर्निया आहे, आत फट राहून गेली आहे आणि तिच्यातून आतडे खाली उतरते. ऑपरेशन करावेच लागेल, पण बाळाला थोडे अंग धरू दे, मग तारीख देतो. तोवर त्याला फार रडवू नका. गाठ कडक झाली, आत जाईना, तर असाल तसे निघून या. आणि सर्दीपासून जपा. एवढ्याशा जिवाला सर्दीत भूल देणे धोक्याचे असते.

२. त्या दिवसापासून घरात बाळाला रडू न देणे ही ड्यूटी झाली. अर्जदाराचे पती त्याच डेपोत मेकॅनिक आहेत. ते बाळाला खांद्यावर घेऊन तोंडाने डिझेल इंजिनाचा आवाज काढत घरभर फिरत. बाळाला तो आवाज मानवला. मध्येच गिअर बदलल्यासारखा आवाज झाला तर मात्र ते ओठ काढी, म्हणून पती तासन्‌तास एकाच गिअरमध्ये चालत. सासूबाई म्हणत, "अरे, ब्रेक तरी लाव, मला भोवळ येते." हसायचो आम्ही सगळे, पण हसतानाही प्रत्येकाचा एक डोळा त्या लंगोटाकडे असे.

३. ऑपरेशनची पहिली तारीख आली त्या सकाळी बाळाचे नाक वाहू लागले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि मान हलवली. बाळाला उपाशी नेले होते, तसेच परत आणले. वाटेत पती म्हणाले, "शाळेतून आली असणार सर्दी." ते सहज बोलले. ठमी बसमध्ये मागच्या सीटवर होती, तिने ऐकले.

त्यानंतर अर्जदाराने आपणाकडे जो अर्ज केला तो आपल्या स्मरणात असेलच. शिंकणाऱ्या मुलांना ठमीपासून दूर बसवावे, पाण्याच्या नळाच्या रांगेतून तिला वगळावे, समूहगीतात तिला उभे करू नये, अशा मागण्या त्यात होत्या. एका मुलीसाठी सगळ्या वर्गाने शिंकायचे कुठे, हा प्रश्न अर्जदाराला तेव्हा पडला नाही. वर्गशिक्षिकांनी बिचाऱ्यांनी जमेल तेवढे केले. ठमीला तिच्या दोन मैत्रिणींमधून उठवून खिडकीजवळच्या बाकावर एकटीला बसवले. मुलांनी विचारले, का? कोणीतरी काहीतरी सांगितले असेल. मग मधल्या सुट्टीत एक खेळ निघाला : "हिला शिवू नका रे, हिला शिवलं की हिचा भाऊ फुटतो!" यात वर्गशिक्षिकांचा काही दोष नाही व मुलांविरुद्धही अर्जदाराची तक्रार नाही. हा खेळ अर्जदाराला फार उशिरा कळला, एवढेच.

४. दुसरी तारीखही सर्दीतच गेली. तेव्हा अर्जदाराने ठमीला शाळेत पाठवणे बंद केले. परवानगी मागितली नाही, कारण नकार आला असता तर तो मानायची तिची तयारी नव्हती. आपल्या पत्रातील 'विनापरवानगी' हा शब्द म्हणूनच पूर्णपणे बरोबर आहे.

ठमी घरी राहिली. कोणी काही न सांगता तिने स्वतःचे नियम केले. पाळण्याजवळून जाताना ती गाल फुगवून श्वास कोंडून धरी आणि पलीकडच्या दाराशी पोचल्यावर सोडी. सासूबाई ओरडत, "अगं, गुदमरशील बये!" बाळ तिला बघून हातपाय झाडायचे. ती लांबून हात हलवायची, पण तोंड दुसरीकडे करून.

५. तिसरी तारीख जवळ आली आणि या खेपेस सर्दी अर्जदाराच्या पतींनी आणली. भर डेपोत, गाडीखाली आडवे पडून, शेजारच्या खोकणाऱ्या मेकॅनिककडून. त्यांच्याकडून ती ठमीला झाली. ठमी आपण होऊन आतल्या खोलीत गेली, दार लावले आणि फटीला टॉवेल कोंबला. जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवा, म्हणाली. सात वर्षांच्या मुलीने हे करावे आणि मोठ्यांनी करू द्यावे, यावर काय लिहावे हे अर्जदाराला समजत नाही. बाळाचे नाक तरीही वाहू लागलेच.

६. त्या दुपारी अर्जदार व तिचे पती डेपोत होते. बाळ रडू लागले. सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येते. त्यांना वाटले पोटात वारा धरला असेल, म्हणून त्या त्याला खांद्यावर टाकून थोपटू लागल्या. आतून ठमी ओरडली, "आजी, हे नेहमीचं रडणं नाहीये! त्याचं दुखतंय!"

"तू बाहेर येऊ नकोस, आत बस," सासूबाई म्हणाल्या.

ठमी बाहेर आली. फ्रॉकचा घेर नाकातोंडावर धरून, एका हाताने तिने लंगोट सोडला. गाठ वर आली होती, लाल होती आणि दगडासारखी. सासूबाईंनी हलक्या हाताने दाबून पाहिली, ती हलेना. बाळ दूध ओकले आणि किंचाळू लागले. सासूबाईंचे दोन्ही हात बाळाला धरण्यात गुंतले होते, त्यांना फोन लावता येईना. तो ठमीने लावला.

अर्जदार तेव्हा टपालावर शिक्के मारत होती. फोनवर नुसते गुबगुब ऐकू येत होते. ती रागावली, "ठमे, नाकावरचा हात काढ आणि नीट बोल!"

फोनवरूनसुद्धा सर्दी जाईल या भीतीने तिने फ्रॉक तोंडाशी धरला होता. तो बाजूला करून ती म्हणाली, "आई, गाठ आत जात नाहीये. मी बघितली. मी हात लावला त्याला, सॉरी."

"असाल तसे हॉस्पिटलला निघा," एवढे सांगून, शिक्का तसाच टाकून अर्जदार तिकडे पळाली. पतींना हाक मारायलाही ती थांबली नाही. गेटवरच्या माणसाने त्यांना कळवले. खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने पेटती इस्त्री बाजूला ठेवून, सासूबाई, बाळ आणि ठमी यांना रिक्षात बसवून स्वतः हॉस्पिटलपर्यंत पोचवले. ठमीला मागे ठेवायला घरी कोणी नव्हते, म्हणून ती आली.

७. सर्जनांनी बाळाला गुंगीचे औषध दिले आणि पाय किंचित वर उचलून ती गाठ दाबू लागले. अगदी हळू दाबत होते ते. बोटांनी धरत, थांबत, पुन्हा धरत. पती येऊन उभे राहिले, त्यांच्या हाताला काळे ग्रीस तसेच होते आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते. सर्जनांच्या कपाळावर घाम आला. अर्जदाराला एकदा वाटले, हे आता मान हलवणार. तेवढ्यात त्यांच्या बोटांखाली काहीतरी सरकले आणि ते म्हणाले, "गेली."

अर्जदार खाली बसली ती भिंतीला टेकून, फरशीवरच.

"आता तारखा पुरे झाल्या," सर्जन म्हणाले. "सूज उतरली की लगेच ऑपरेशन."

"पण सर्दी?"

"सर्दीचा धोका आहेच. पण गाठ पुन्हा अडकली तर तो धोका मोठा. भूल देणाऱ्या बाई तयार आहेत, नंतर बाळावर रात्रभर लक्ष ठेवू."

मग त्यांनी विचारले, वेळेवर ओळखले कोणी? सासूबाईंनी बोट दाखवले. ठमी दाराबाहेर, पॅसेजच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती, नाक जवळजवळ भिंतीला लावून. सर्जन तिच्यापर्यंत गेले. तिने न वळता विचारले, "मी इथे श्वास घेतला तर चालेल?"

ते हसले, आणि मग हसायचे थांबले. तिच्या शेजारी उकिडवे बसून ते म्हणाले, "घे की. हवा तेवढा घे. ही गाठ त्याला जन्मापासून आहे, तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

हे वाक्य अर्जदाराने तिला घरी एकदाही म्हटले नव्हते.

८. ऑपरेशन झाले. दार बंद होते तोवर पती पॅसेजमध्ये येरझारा घालत अगदी हळू आवाजात इंजिन चालवत होते, जवळ बाळ नसताना. रात्रभर बाळाला प्राणवायू लावून ठेवला होता. सकाळी ते दूध प्यायले. टाका बारीक आहे आणि कोरडा आहे. आता ते हवे तेवढे रडते, आणि आम्ही एकमेकांकडे बघतो आणि रडू देतो.

९. तरी नम्र विनंती की :

ठमीचे नाव हजेरीपटावर राहू द्यावे. बुडालेला अभ्यास अर्जदार करून घेईल. बाळाचे कागद सोबत जोडले आहेत, परंतु ठमीच्या नावाचे वैद्यकीय प्रमाणपत्र देता येत नाही. गैरहजेरीच्या कारणात 'आजारी' असे कृपया लिहू नये, ते खोटे होईल. 'घरी गरज होती' असे लिहावे.

तिला पुन्हा तिच्या दोन मैत्रिणींच्या मध्ये बसवावे. कोणी शिंकले तर शिंकू द्यावे. शक्य झाल्यास वर्गशिक्षिकांनी सर्व मुलांना एकदाच सांगावे की हिचा भाऊ बरा झाला आहे व कोणाला शिवल्याने कोणी फुटत नाही.

हा अर्ज अर्जदाराने टपालाने न पाठवता स्वतः आणला आहे. आत चल म्हटले तर ठमी नको म्हणाली. "आधी बाईंना विचार, मी आलेली चालेल का," असे ती म्हणाली. ती दप्तर घेऊन फाटकाबाहेर उभी आहे. उत्तर लेखी देण्याची आवश्यकता नाही. आपल्या खिडकीतून ती दिसते. आपण स्वतः हाक मारलीत तर ती येईल.

आपली विश्वासू व आभारी,
(सही)
ठमीची आई

दिनांक : आजचाच, शाळा भरण्यापूर्वी.

सोबत : १) बाळाच्या ऑपरेशनचा दाखला.
२) आपले पत्र, मूळ प्रत, परत.