डाव्या दिव्याचं कुंकू

बाबा, गाडीचा डावा दिवा गेला, आणि तो बदलता बदलता मला तुमचा इतका राग आला की आता बसून लिहितेच आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडेन असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पण बॉनेट उघडून, हात कोपरापर्यंत आत घालून, बोटांची सालटं काढून घेत मी अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या अंगणात उभी होते, तेव्हा दुसरं कोणी आठवलंच नाही. दिवा बदलणं म्हणजे काय, तर वायरचा सॉकेट उपसायचा, मागचं रबराचं टोपण काढायचं, तारेची क्लिप दाबून बाजूला सारायची, जुना बल्ब बाहेर, नवा आत. फोनवरच्या व्हिडिओत एक गृहस्थ हसत हसत हे करून दाखवतात. त्यांच्या गाडीत बॅटरी कुठे ठेवली होती देव जाणे. माझ्या गाडीत ती बरोबर डाव्या दिव्याच्या पाठीला चिकटून बसली आहे. माणसाचा हात जाणार नाही अशा जागी माणसाने बदलायची वस्तू ठेवणाऱ्याने स्वतः कधी बल्ब बदलला नसणार. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात या विषयावर एकच वाक्य आहे, ते म्हणजे जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधा. साधला. ते म्हणाले, समोरचा बंपर खोलावा लागेल, गाडी दिवसभर ठेवून जा. एका बल्बसाठी बंपर! मी म्हटलं, माझे वडील टेंपोचं अर्धं इंजिन अंगणात खोलून ठेवायचे, मी बल्ब बदलू शकत नाही का? तिथेच चुकलं.

घाई आईमुळे होती. मावशी अकोल्याला अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. आईला तिला भेटायचं आहे. तुम्ही म्हणाल, मग बसा एस.टी.त आणि जा, यात काय एवढं? तर बाबा, तुमच्यानंतर आईने अकोल्याची वाट सोडली. मूर्तिजापूरच्या अलीकडे तुमचा टेंपो ज्या ठिकाणी त्या ट्रॉलीवर आदळला, त्या रस्त्यावरून ती एकदाही गेली नाही. मावशीच इकडे यायची. आता मावशी येऊ शकत नाही. आईला गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी चढवत नाही, गाडीत बसायला ती कशीबशी तयार झाली, आणि तिने एकच अट घातली. "दोनी लाइट साजरे पाह्यजेत. एका डोयाच्या गाडीत मी त्या रस्त्यानं येनार नाही." येताना दिवेलागण होणार हे तिने आधीच हेरलं होतं. आणि हे ठरलं त्याच दिवशी डावा दिवा गेला.

पहिला बल्ब मी आणला, लावला, आठवडाभरात गेला. आई म्हणाली, "पाह्य, नाही म्हनून राह्यले ते." ते म्हणजे तुम्ही. तुमच्या नावाने आमच्या घरात अजून बरीच कामं अडतात. मी म्हटलं, ते काही नाही म्हणत, बल्ब हलका होता. दुसरा आणला, तोही तसाच गेला. बाहेर काढून पाहिला तर काचेवर एका जागी काळपट डाग, आणि तेवढीच काच फुगून आलेली. पोरांना पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी उमर गेली. या बल्बची काच भयंकर तापते, तिला बोटाचं तेल लागलं तर ती त्याच जागी जास्त तापून फुगते, म्हणून हा बल्ब काचेला हात न लावता धरायचा असतो, हे मला ठाऊक होतं. मी तो धुतलेल्या रुमालात धरत होते. म्हणजे बोट दुकानदाराने लावलं असणार. मी तो बल्ब घेऊन दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला तापमानावर व्याख्यान दिलं. तो बिचारा म्हणत राहिला, "मॅडम, डबी सीलबंद होती न. तुमीच फोडली." मी ऐकलं नाही. शेवटी कटकट नको म्हणून त्याने बदलून दिला. मी विजयी मुद्रेने घरी आले.

तिसऱ्या वेळी मी बल्ब रुमालावर बॉनेटच्या कडेला ठेवला. आई नेहमीप्रमाणे जवळ खुर्ची टाकून बसली होती, मला मागच्या मागे वस्तू द्यायला. मी क्लिपशी झुंजत होते. ती क्लिप दिसत नाही, ती फक्त बोटांना सापडते आणि सापडली की निसटते. घामाने चष्मा घसरतो म्हणून तो मी काढूनच ठेवला होता. क्लिप एकदाची सुटली, मी मागे हात केला, आई बल्ब देईना. वळून पाहिलं, तर एका हाताने तिने बल्ब रुमालातून धरलाय, अगदी मी शिकवलं तसा, आणि दुसऱ्या हाताचं बोट वाटीत बुडवून काचेवर ठिपका देते आहे. वाटीत कुंकू होतं, तेलात कालवलेलं. कोरडं काचेवर टिकत नाही, हेही तिने स्वतःच शोधून काढलेलं.

आता सांगा, चिडू नको तर काय करू? ही सवय तुमची. नांदगाव खंडेश्वरच्या आपल्या अंगणात टेंपो उभा आहे, तुम्ही अर्धे त्याच्या खाली आहात, नुसते पाय दिसतात. वाफ्यातून आणलेली वांगी-कोथिंबिरीची पोती भिंतीला टेकवलेली आहेत, अमरावतीच्या बाजाराला उशीर होतो आहे, पण फॅनबेल्ट असो की स्पार्क प्लग, नवी वस्तू आईच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय तुम्ही गाडीत जाऊ देत नाही. तुम्ही खालून ओरडता, "कुंकू आन वो," आणि आई पिठाच्या हाताने वाटी घेऊन येते. मी हातातल्या बॅटरीचा उजेड पाडत विचारते, बाबा, रबराच्या पट्ट्याला कुंकू कशाला? तुम्ही म्हणता, "दिवसभर काहून काहून करत राह्यते हे पोरगी. बॅटरी नीट धर." दसऱ्याला लोक वर्षातून एकदा अवजारं पुजतात, तुम्ही बारा महिने पुजत होतात. आणि त्या काळी त्या कुंकवाने कुणाचं काही बिघडत नव्हतं, हे मान्य करते.

कुंकू लागलं नाही ते एकदाच. ती गोष्ट आईने मला फार उशिरा सांगितली, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, जणू दुसऱ्या कुणाच्या घरची सांगते आहे. तुम्हाला अकोल्याला झेंडूची पोती न्यायची होती. सकाळपासून तुम्ही समोरचा दिवा खोलून बसला होतात, आईने तुमचा चहा तीनदा गरम केला, तुम्ही तीनदा निवू दिलात. चौथ्यांदा तिने कप तुमच्यासमोर आदळला आणि घरात निघून गेली. तुम्ही कुंकवासाठी हाक मारली. ती आली नाही. तुम्हीही घरात जाऊन एक शब्द बोलला नाहीत, "राहू दे तुह्यं कुंकू," म्हणालात, नवा दिवा तसाच बसवलात आणि गेलात. इतका वेळ खाली वाकून नट पिळणाऱ्या माणसाला दोन पावलं चालून घरात जाता येत नव्हतं? एवढा कसला ताठा होता, बाबा? संध्याकाळी कापसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात बंद पडून उभी होती, मागे ना दिवा ना लाल फडकं. चूक कुणाची ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. मी आईला त्या दिवशी आणि नंतरही पुष्कळ वेळा समजावलं. अंतर, वेग, ब्रेक, सगळं मांडून सांगितलं. ती शेंगा सोलत म्हणाली, "ट्रॉलीले लाइट नव्हता, हाव. पन आपल्या गाडीले तं होता न? मंग त्याइले दिसलं काहून नाही? मी कुंकू लावलं असतं तं दिसलं असतं." यावर कुठलंही गणित चालत नाही. ती इतकी वर्षं हे घेऊन जगली आणि तुम्ही भिंतीवर हार घालून बसला आहात.

त्या दिवशी अंगणात मात्र माझा तोल गेला. घामाने भिजलेली, बोट कापलेलं, मावशीच्या घरून सकाळीच फोन आलेला की ती आता डोळे कमी उघडते. आणि दुकानदाराशी मी विनाकारण भांडले होते हेही तेवढ्यात लक्षात आलं, त्यामुळे तर जास्तच. मी ओरडले, "आई, तुझ्या कुंकवानं बल्ब फुटून राहिले. दोन्ही तूच फोडले. त्याला तेल लागलं की तो मरतो." शिकवणीत जे शब्द मी तोलून वापरते ते तिथे एकही सुचले नाहीत. समोरच्या घरातले काका झाडांना पाणी घालायचं सोडून बघत राहिले. आईने वाटी हळूच खुर्चीखाली ठेवली. मला वाटलं, आता ही रडणार, आता अकोला राहिलं.

ती रडली नाही. तिने विचारलं, "तेलानं फुटते?"

"हो."

"अन् कुंकू असलं तरी?"

"कुंकू होतं म्हणूनच तर तेल लागलं ना."

तिने तो बल्ब डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिला. मी क्लिप हातात धरून उभी, रागही उतरायला लागलेला. मग ती म्हणाली, अगदी सावकाश, एकेक पायरी चढावी तसं, "मंजे त्या दिवशी मी नाही लावलं, तं थो लाइट साजरा राह्यला असन. फुटला नसन. शेवटवर उजेड होता त्याइले." आणि मग माझ्याकडे न बघता, "तं मंग माह्याच्यानं नाही झालं थे."

माझं तोंड उघडलं होतं, बाबा. वर्गात एखाद्याने असं उत्तर दिलं तर मी वाक्य पुरं होऊ देत नाही. कारण तुमच्या टेंपोचा दिवा असला नव्हताच. तो सीलबीम होता, बल्ब आणि काच मिळून एकच मोठा बंद गोळा, खरबुजाएवढा. आई कुंकू लावायची ते त्याच्या बाहेरच्या काचेला, आणि ती काच एवढी तापतच नव्हती. त्यावर तेलाची अख्खी वाटी ओतली असती तरी त्याचं काही झालं नसतं. आईने कुंकू लावलं असतं किंवा नसतं, तुमचा दिवा तेवढाच लागला असता आणि ट्रॉली तिथेच उभी असती. जे मी तिला इतकी वर्षं खरं सांगून पटवू शकले नाही, ते तिला एका चुकीच्या उदाहरणाने एका मिनिटात पटलं होतं. मी म्हटलं, "नाही झालं, आई. तुझ्यामुळे नाही झालं." तिने पदराने डोळे नाही, कपाळ पुसलं. म्हणाली, "मंग इतक्या दिवस सांगितलं काहून नाही?" इतक्या दिवस! मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

मग दुसरा रुमाल धुवून, वाळवून, मी आणखी एक नवा बल्ब आणून बसवला. तो टिकला. रविवारी आम्ही अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे मी आईकडे पाहिलं नाही, ती पिशवीतले चिवड्याचे दाणे एकेक करून खात राहिली. मावशीने तिला ओळखलं. दोघी हात हातात घेऊन बसल्या आणि मधूनच आई तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती. मी बाहेर ओट्यावर होते. एवढंच ऐकू आलं, "बल्बाचं शास्त्र असते म्हने, पोरीनं सांगितलं." येताना अंधार पडला. आई पुढच्या सीटवर बसून समोरच्या रस्त्यावर पडलेला उजेड बघत होती, आणि थोड्या वेळाने चक्क झोपली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं. आईला मी खरं सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण ती कधीतरी तुमच्याकडे येईल आणि पहिली गोष्ट हीच काढेल, मला माहीत आहे. तेव्हा तुम्ही तुमच्या सवयीने सीलबीम म्हणजे काय, त्याची काच कशी असते, हे समजावायला बसू नका. ती म्हणेल ते ऐका, हो म्हणा, आणि तिने चहा दिला तर गरम असतानाच प्या.