कॉट म्हणजे आपली खाट

३ फेब्रु.
ह्यांचं वर्षश्राद्ध वीसला. भटजींची यादी आली. शय्यादानाखाली लिहिलंय: कॉट १, गादी, उशी, चादर. सुनील म्हणाला, "आई, लोखंडी घडीची आणतो. जुनी राहू दे तुला." बरं वाटलं. त्या खाटेवर आता मी झोपते. दवाखान्यातून घरी आल्या-आल्या हे म्हणाले होते, "कॉट पुरे झाली. माझी खाट टाक." शेवटही तिच्यावरच...

६ फेब्रु.
धुळ्याहून नाना आले, माझे थोरले दीर. खाट पाहिली, चहा तसाच ठेवला. "मानूस जी खाटवर गया, ती कोनी घरमा ठेवस का?" यादी दाखवली. "कॉट येगळी, खाट येगळी." सुनीलने यादी घडी घालून खिशात ठेवली.

९ फेब्रु.
जळगावला वाचनालयात. जाडा इंग्रजी कोश. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. अडलं ते ग्रंथपालबाईंनी सांगितलं. कॉट हा शब्द आपल्या खाटेपासूनच. साहेब लोकांनी इथून नेला, जहाजावरच्या टांगत्या बिछान्याला लावला. आता तिकडे कॉट म्हणजे तान्ह्या बाळाची. खाली दुसरा कॉट, त्यांचा स्वतःचा, फार जुना: झोपडं, आसरा. दोघांचं नातं नाही म्हणे. सगळं वहीत उतरवलं. असं काही सापडलं की घरी येऊन ह्यांना सांगायचं. सवय जात नाही.

१० फेब्रु.
नानांना फोन. "नाना, पुस्तकात आहे, कॉट नि खाट एकच. नवी दिली तरी दान तेच."
हसले. "एकच शे ना? मंग जुनीच दी टाका. नवी कसाले?"
माझाच पुरावा. फोन ठेवला.

१५ फेब्रु.
सुनीलने नवी आणली नाही. "नाना मोठे आहेत, आई. सगळ्यांसमोर वाद नको." बाबांची खाट, हे तो म्हणालाच नाही.

१९ फेब्रु.
उद्या सकाळी खाट न्यायला टेंपो. मी अजून हो म्हटलेलं नाही. दुपारी पायथ्याची दोरी आवळायला बसले. वर्षात फार झोळ पडलाय. जोर पुरेना. सुनील दारात उभा.
"देण्यासाठी आवळतेस, का ठेवण्यासाठी?"
"ते टोक धर," म्हटलं. "ओढ."