त्या शब्दाचं वाक्य

आई,

त्या वर्षी तू इंग्रजी शब्दांना घाबरायचीस, आणि तू शब्द विसरलीस की मी घाबरायचे. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या जागी तुला जासईच्या पुढच्या, बंदराच्या ऑफिसात अनुकंपा तत्त्वावर घेतलं होतं, पण नोकरी कायम व्हायची तर साहेबांसमोर इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची होती. तू मराठी शाळेतून जेमतेम मॅट्रिक झालेली. कुणीतरी तुला कठीण शब्दांचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. शब्द, खाली अर्थ, त्याखाली वाक्यात उपयोग. खांदेश्वरला तेव्हा स्टेशनही झालेलं नव्हतं. तिथल्या आपल्या भाड्याच्या खोलीत तू पोळ्या लाटायचीस आणि सहावीतली मी ते पुस्तक धरून ओट्याशी उभी राहायचे. ‘रिलक्टंट?’ ‘नाखूश. राजी नसलेला.’ ‘वाक्य?’ पुस्तकातल्या वाक्यांत सगळे न्यायाधीश आणि सरदार, ती तुझ्या लक्षात राहायची नाहीत. ‘द स्टोव्ह इज रिलक्टंट,’ तू म्हणायचीस आणि पिन मारायला घ्यायचीस. खाली राहणारी घरमालकीण आजी दारातून ऐकायची. ‘कशाला भितेस गो? सायब काय वाघ हाय?’ तू हसायचीस, पण तुझे हात गार असायचे. मला ठाऊक होतं, कारण त्याच हातांनी तू माझी वेणी घालायचीस.

एकदा तू ‘डाउट’ला ‘डाउब्ट’ म्हणालीस आणि मला हसू फुटलं. लाटणं थांबलं. ‘हसतेस काय? मी नापास झाले तर नोकरी जाईल, ही खोली जाईल, आणि तुला मामाकडे ठेवावं लागेल. कळतंय का?’ मामाचं घर घाटावर, एसटीनं दिवसभराच्या वाटेवर. त्यानंतर मी कधी हसले नाही. तुझा एक शब्द चुकला की मला ती लाल एसटी दारात आल्यासारखी वाटायची. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला तरी मी दचकायचे.

मग एका संध्याकाळी ‘डेस्टिट्यूट’ आला. मी अर्थ वाचला, ‘निराधार, कंगाल.’ तू तवा खाली उतरवलास आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलंस. ‘हा शब्द आपल्या नोकरीच्या अर्जात होता,’ तू म्हणालीस. ‘साहेबांनी लिहून दिला, मी खाली सही केली. मला वाटलं, तुझ्या बाबांबद्दल काही चांगलं लिहिलंय.’ त्या दिवशी पुढचा एकही शब्द झाला नाही.

परीक्षेच्या दिवशी तू मला बरोबर नेलंस. ‘तू जवळ असलीस की मला आठवतं.’ मी बाहेरच्या बाकावर बसले आहे. खिडकीतून कंटेनरच्या रांगा दिसतात. दार अर्धवट उघडं आहे आणि तुझी पाठ दिसते आहे. पहिले शब्द बरोबर येतात. मग साहेब म्हणतात, ‘मेक अ सेंटेन्स. डेस्टिट्यूट.’ तू गप्प. मी मनात ओरडते, निराधार, आई, निराधार! मी मांडीवरचं दप्तर छातीशी धरते. शिपाई विचारतो, ‘पाणी पायजे का गं?’ पण मी दाराकडेच बघत राहते.

‘येत नाही म्हणा ना, बाई,’ साहेब म्हणाले.

‘येतो, साहेब. निराधार. पण या शब्दाचं वाक्य मी करणार नाही. दुसरा विचारा.’

आता मी तुझ्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे, तरी तुझं ते बोलणं मला जसंच्या तसं ऐकू येतं. मला वाटलं, संपलं. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, काहीतरी खोडलं आणि दुसरा शब्द विचारला. तो तुला आला. त्याच्या पुढचा आला नाही. बाहेर आलीस तेव्हा तू माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली.

निकालाला पंधरवडा लागला. तू एका संध्याकाळी चपला न काढताच आत आलीस आणि ओट्याला टेकून उभी राहिलीस. ‘झाले कायम,’ म्हणालीस, आणि मग कितीतरी वेळ तोंडावर पदर धरून होतीस. त्याच ऑफिसातून तू पुढे रिटायर झालीस. त्या दिवशी एवढं धाडस कुठून आणलंस, हे मी तुला विचारलं नाही. माझं घर पणाला लागलं असताना तू नाही म्हणालीस, याचा मला मोठं होईपर्यंत रागही होता. आता नाही.

हे पत्र आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. परीक्षेच्या सकाळी तू विचारलंस, शाळेला सुट्टी, मग दप्तर कशाला? मी म्हटलं, तिथे बसून अभ्यास करीन. आई, त्यात पुस्तकं नव्हती. दोन फ्रॉक होते आणि कंगवा. तू नापास झालीस तर तिथूनच मामाकडे जाते म्हणणार होते, म्हणजे तुला मला ‘जा’ म्हणावं लागलं नसतं.